जपानी भाऊजी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. आमच्या भागात त्यांना सगळे 'जपानी' म्हणतात. "मशीन बिघडलंय? मग जपान्याकडे न्या की," असं लोक इतक्या सहज सांगतात, की नव्याने राहायला आलेल्याला वाटावं, खास जपानहून कारागीर आणून बसवलाय. भाऊजींचा जन्म मात्र त्यांच्या दुकानापासून चार घरं पलीकडचा. तिथेच ते वाढले, शेजारच्याच शाळेत गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्या, आणि लग्नानंतर राहायला गेले तेही त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला.

सगळा घोळ चेहऱ्याचा. बारीक डोळे, गालांची वर आलेली हाडं, कितीही पाणी लावलं तरी न बसणारे केस. त्यांचे आजोबा जहाजावर सुतारकाम करायचे. कधीतरी इथे उतरले, आजारी पडले, जहाज त्यांना सोडून निघून गेलं आणि ज्या घरात शुश्रूषा झाली त्या घरातल्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. ते नेमके कुठले, यावर भाऊजींचे वडील आणि आत्या यांच्यात कायम वाद. वडील एका देशाचं नाव घेत, आत्या दुसऱ्याच. तिसऱ्या कुणी विचारलं तर दोघं मिळून सांगत, "तिकडचे."

शाळेत भाऊजींना 'चिनी' म्हणायचे. भांडण झालं की 'चिनी मातीचा कप'. पुढे ते मशीनच्या दुकानात काम शिकायला लागले. त्यांचे उस्ताद धूर्त. त्या दिवसांत जपानी वस्तूंचा मोठा बोलबाला होता, तेव्हा उस्तादांनी या मुलाला मागच्या अंधाऱ्या खोलीतून उचलून काउंटरवर बसवलं. गिऱ्हाइकं आपोआप म्हणायला लागली, "तुमच्याकडे जपानी माणूस आहे वाटतं!" उस्ताद नुसते हसायचे. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आणि एका चिनी मातीच्या कपाचा जपानी झाला.

ताईचं त्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईला घोर लागला होता. तिला ते सगळ्या बाजूंनी पसंत होते, पण "उद्या त्यांना आपल्या देशात परत जावंसं वाटलं तर?" म्हणून ती धास्तावली होती. ताई म्हणाली, "आई, त्यांचा देश दुकानापासून चार घरांवर आहे. परत गेले तरी जेवायला येतील." माझी मावशी लग्नात त्यांच्या शेजारी बसून फार आपुलकीने विचारत होती, "तुमच्या कोरियात थंडी फार असेल ना हो?" भाऊजी म्हणाले, "असेल बहुतेक."

मी एकदा विचारलं, "तुम्हाला राग नाही येत?"

ते मशीनच्या पोटात हात घालून बसले होते. मी शेजारीच रंगाचं दुकान चालवतो, त्यामुळे दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांच्याकडे जाऊन बसतो. त्यांनी आतून केसांची पिन काढली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "पंप अडला होता तो हिच्यामुळे. मी कुठला हे कळून पंप सुटणार होता का?" विषय संपला. त्यांचे सगळे विषय असेच संपत.

मग ती थंडीतली सकाळ उजाडली. दुकानं नुकतीच उघडली होती. समोरच्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलचा शिपाई धापा टाकत भाऊजींच्या दारात आला.

"लवकर चला. तुमच्या देशाचं माणूस आलंय हॉस्पिटलात."

भाऊजी म्हणाले, "माझ्या देशाचे तर तुम्हीही आहात."

"चेष्टा नको हो! एक बाई आहेत. बसस्टँडवर घसरून पडल्या. हात मोडलाय आणि कुणाला हात लावू देत नाहीत. भाषा कळेना कुणाला. आमच्या सिस्टर म्हणाल्या, आपल्या जपान्याला बोलवा."

"अहो, मला जपानीतला शब्द येत नाही."

"थोडंसं येत असेलच की," शिपाई म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी खात्री होती की भाऊजींनी हात पुसले. मलाही ओढलं त्यांनी सोबत, "तू चल, मी जपानी नाही हे सांगायला साक्षीदार लागेल," म्हणून.

अपघात विभागात पडद्याआड त्या बाई बसल्या होत्या. साठीच्या असतील. गुबगुबीत गडद निळा कोट, लोकरी टोपी, पायाशी गच्च भरलेली पिशवी. डावं मनगट कोटाच्या बाहीतच सुजून टम्म झालेलं आणि उजव्या हाताने त्यांनी ते असं झाकून धरलेलं, की जणू कुणी हिसकावूनच नेणार आहे. एका नर्सच्या हातात मोठी कात्री. तरुण डॉक्टर फोन घेऊन उभे होते आणि पुरते रडकुंडीला आले होते.

"बरं झालं आलात," ते भाऊजींना म्हणाले. "यांना चिनी भाषेत सांगा, हाड बसवावं लागेल."

"मला जपानी म्हणतात, डॉक्टर. चिनी नव्हे."

"तेच ते हो."

"तेच ते असतं तर बरं झालं असतं. मला दोन्ही येत नाही."

 डॉक्टर फोनवर भाषांतर करून बघितलं होतं ते सांगू लागले. आधी चिनीतून वाक्य ऐकवलं, बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग जपानी, मग कोरियन. मग डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले, "मला वेगळीच शंका येतेय. पडताना डोक्याला मार बसला असावा. यांना स्वतःची भाषाही समजत नाहीये. मी डोक्याचा फोटो काढायला पाठवतोय."

तेवढ्यात बाईंचं लक्ष भाऊजींकडे गेलं.

तो क्षण मला अजून दिसतो. त्यांचा सगळा चेहरा उजळला. त्या पुढे झुकल्या आणि भाऊजींची बाही पकडून भडाभडा बोलायला लागल्या. काय काय सांगितलं असेल! मध्येच कोट दाखवला, कात्री दाखवली, दरवाजा दाखवला, डोळ्यांत पाणी आणलं, रागावल्या, पुन्हा समजुतीने बोलल्या. घरचं माणूस आलं की आपण करतो ना, अगदी तशी तक्रार. भाऊजी ऐकत राहिले. त्या थांबल्या, आणि आता ते काय म्हणतात याची वाट बघू लागल्या.

भाऊजी आपल्या भाषेत हळूच म्हणाले, "बाई, मला नाही हो समजत."

बाईंनी बाही सोडली. त्या मागे टेकून बसल्या. भाऊजींचे कान लाल झाले. उभ्या आयुष्यात कधी त्यांना इतकं ओशाळलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता ते निघतील. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि बाईंच्या समोर बसले.

भाऊजींची एक सवय आहे. गिऱ्हाइकाला बिघाड समजावताना ते कानावरची पेन्सिल काढतात आणि मिळेल त्या कागदावर चित्र काढून दाखवतात. इथेही त्यांनी खिशातून एक जुनं वेष्टन काढलं, ते उलटं केलं आणि त्यावर एक हात रेखाटला. हाताभोवती प्लास्टर काढलं. मग हसणारा चेहरा काढला. चित्र म्हणावं तर ते मुळ्याला बांधलेलं बँडेज वाटत होतं. बाईंनी ते बघितलं, एक सुस्कारा सोडला, भाऊजींच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली आणि खाली भराभरा तीन ओळी लिहिल्या. अक्षर असं वळणदार, की छापलेलं वाटावं.

डॉक्टर ओरडलेच, "अहो, ही तर रशियन अक्षरं! या रशियन आहेत!"

त्यांनी फोन रशियनवर लावला, एक वाक्य लिहिलं आणि बाईंपुढे धरलं. बाईंनी वाचलं.  त्यांनी फोन हातात घेतला, एका बोटाने काहीतरी लिहिलं आणि परत दिला. डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं.

"मी रशियन नाही. मला रशियन येतं. मी किर्गिझस्तानची आहे. माझं डोकं ठीक आहे."

"कुठली?" सिस्टरांनी विचारलं.

"किर्गि... किर्गिझस्तान," डॉक्टर म्हणाले.

"कझाकस्तान का?" शिपाई म्हणाला.

"कुर्दिस्तान असेल," मी म्हणालो. खरं सांगतो, मीही म्हणालो.

फोन पुन्हा बाईंकडे गेला होता. त्यांनी भाऊजींकडे बोट दाखवून आणखी एक ओळ लिहिली. डॉक्टर वाचायला लागले आणि त्यांना हसू आवरेना.

"विचारतायत, हा कझाक माणूस मघापासून बोलत का नाही?"

त्यावर भाऊजी जे हसले! स्टुलावरून पडायचे बाकी होते. जन्मभर चिनी, जपानी, कोरियन झाले, पण कझाक पहिल्यांदाच. म्हणाले, "लिहा डॉक्टर, मी कझाक नाही. मी वॉशिंग मशीनवाला." डॉक्टरांनी तसंच लिहिलं. भाषांतरात काय उतरलं देव जाणे. बाईंनी ते दोनदा वाचलं, भाऊजींना आपादमस्तक न्याहाळलं, आणि मग त्याही हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

मग एकेक उलगडत गेलं. त्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त झाल्या होत्या. म्हणजे आम्ही त्यांना 'बाई' म्हणत होतो ते त्या दिवसातलं आमचं एकमेव अचूक नाव ठरलं. मुलगी पुढच्या शहरात नोकरीला. तिला भेटायला निघाल्या, बस बदलताना घसरल्या, फोन पडून फुटला. आणि हात लावू देत नव्हत्या त्याचं कारण हाड नव्हतंच. अंगातला कोट त्यांचा नव्हता. मुलीच्या मावशीने भाचीसाठी शिवला होता. पिशवीत मावेना म्हणून बाई तो घालून आल्या होत्या. आणि इथे आल्या आल्या लोक कात्री घेऊन त्याच्या बाहीवर धावून गेले होते.

"तेवढ्यासाठी?" डॉक्टर म्हणाले.

"तेवढ्यासाठी म्हणजे?" सिस्टर म्हणाल्या. "माझ्या बहिणीने शिवलेला असता तर मी तुमचीच बाही कापली असती."

भाऊजींनी ताईला फोन लावला. ताई घरी कपडे बेतात बसवून देण्याची कामं करते. ती शिवण उसवायची हत्यारं घेऊन आली, कोटाची बाही उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "हाताची शिवण आहे. केवढी बारीक! कापायचं मनात तरी कसं आलं तुमच्या?" मनगटापासून कोपरापर्यंत तिने एकेक टाका इतक्या अलगद सोडवला, की बाईंना कळलंही नाही. त्या ताईच्या हातांकडेच बघत होत्या. बाही उमलल्यासारखी उघडली, कोट निघाला, आणि बाईंनी स्वतःहून हात डॉक्टरांपुढे ठेवला.

दुपारी मुलगी आली. ती आपली भाषा झकास बोलत होती. आईला शिव्या घातल्या, मिठी मारली, मग आमच्याकडे वळली. एका दंतवैद्याकडे ती नोंदणीचं काम बघते. भाऊजींनी तिला सकाळची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "काका, आमच्याकडे निम्मे पेशंट मला चीनची समजतात. बाकीच्यांना एवढं माहीत असतं की शेवटी 'स्तान' आहे. पुढचं ते आपल्या मर्जीने लावतात."

"मग तू काय करतेस?"

"दात दुखत असलेल्या माणसाला काय सांगणार? बरा होऊन जाताना सांगते. मग लक्षात राहतं."

 घरी परतताना भाऊजी ताईला म्हणाले, "मला हे नाव कधी टोचलं नाही. फुकट मिळालं, वापरलं. पण त्या बाई माझ्याकडे कशा बघायला लागल्या ते तू नव्हतीस बघायला. आपलं माणूस भेटलं असं वाटलं त्यांना. आणि मी आपला रिकामा."

"रिकामे कसे?" ताई म्हणाली. "पेन्सिल होती ना तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय, तर भाऊजी रस्ता ओलांडून समोरच्या काचवाल्याकडे चाललेले. हा काचवाला आरसे आणि खिडक्यांच्या काचा बसवतो. मोठा गोरापान गडी, आमच्याकडे तरुणपणीच आला. आम्ही सगळे त्याला पोलिश म्हणतो. त्या नावानेही कमी गोंधळ घातला नव्हता. एक आजोबा एकदा त्याच्याकडे जेवणाचं टेबल घेऊन आले होते, 'पॉलिश' करून द्या म्हणून. त्यानेही बिचाऱ्याने करून दिलं.

भाऊजींनी त्याला सरळच विचारलं, "तू पोलंडचाच ना रे?"

काचवाल्याने हातातली काच जपून खाली ठेवली. "नाही. लिथुएनियाचा."

"मग आम्ही इतकी वर्षं पोलिश म्हणतोय, तू बोलला का नाहीस?"

"पहिल्या वर्षी बोललो होतो. तुम्हीच म्हणालात, 'तेच ते.'"

भाऊजी परत आले ते माझ्याकडे बघून म्हणाले, "घे! मीच म्हणालो होतो म्हणे." त्यानंतर त्यांनी मनावर घेतलं. रोज सकाळी शटर उघडताना ओरडून सांगायचे, "काय लाटव्हिया, झाला का चहा?" समोरून उत्तर यायचं, "लिथुएनिया!" चांगला आठवडाभर हे चाललं. नंतर नाव पक्कं बसलं, पण तोवर काचवाल्याला ओरडून उत्तर द्यायची सवय लागली होती. भाऊजींनी बरोबर नाव घेतलं तरी तो सवयीने दुरुस्ती करायचा.

स्वतःचं नाव मात्र त्यांना सोडवता आलं नाही. त्यांनी प्रयत्न केला. मशीन घेऊन आलेल्या एका गिऱ्हाईक बाईंना नीट समजावलं, "मी जपानी नाही, इथलाच आहे." त्या म्हणाल्या, "हो का? असू दे, असू दे. पण मशीन जपानी आहे, तेव्हा तुम्हीच बघा." ते मशीन जपानी नव्हतं, हे सांगायच्या भानगडीत भाऊजी पडले नाहीत.

ताईने कोटाची बाही पुन्हा शिवली. मूळचे टाके होते तसेच, त्याच भोकांतून. बाईंचा मुक्काम मुलीकडे लांबला, प्लास्टर निघेपर्यंत, आणि मग रविवार आला की एक तर त्या मायलेकी इकडे किंवा ताई-भाऊजी तिकडे. बाई आणि भाऊजी दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसायचे. बाईंना उघडं मशीन बघायचं होतं. ड्रम गरगर फिरताना कपडे कडेला का चिकटतात, हे त्यांनी भाऊजींना बाणबिण काढून शिकवलं. भाऊजी मला म्हणाले, "एवढी वर्षं मी ते फिरवतोय, पण शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर नापास झालो नसतो." आभार मानायला त्यांच्याकडे 'रहमत' म्हणतात, हेही शिकले. गिऱ्हाइकाने पैसे दिले की म्हणायला लागले. गिऱ्हाइकं खूश. जपानी लोक किती नम्र असतात, याची आमच्या भागात आता सगळ्यांना खात्री आहे.

मग बाई आपल्या देशात परतल्या. जाताना भाऊजींना विचारून गेल्या, तुमचे आजोबा खरंच कुठले, शोधून काढायचंय का? माझ्या ओळखीत इतिहासाचे शिक्षक आहेत. भाऊजींनी विचार केला आणि म्हणाले, "नको. आत्या अजून आहे. तिचा देश चुकीचा निघाला तर ती मला घरात घेणार नाही."

गेल्या महिन्यात एका दुपारी मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. बाईंच्या मुलीचा फोन आला. आईच्या घरचं मशीन खडखडतंय, तिकडचा दुरुस्तीवाला नवीनच घ्या म्हणतोय. तिने तिकडे व्हिडिओ जोडून दिला. पडद्यावर एक स्वच्छ मोरी, खिडकीबाहेर बर्फाचा डोंगर, दारात बाई, आणि त्यांचा दांडगा पुतण्या हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उकिडवा बसलेला.

"चालू करायला सांग," भाऊजी म्हणाले. त्यांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले. "बेअरिंग नाही गेलेलं. ड्रमच्या मागे काहीतरी अडकलंय. मागचं झाकण काढायला सांग. नाही, आधी प्लग काढ म्हणावं!"

पुढचा सगळा वेळ नुसता गोंधळ. भाऊजी सांगायचे, मुलगी तिच्या भाषेत सांगायची, बाई मधेच पुतण्याला वेगळंच काही सांगायच्या, पुतण्या वैतागायचा. स्क्रू मोरीत पडला, तो शोधण्यात सगळं घर लागलं. शेवटी त्याने आत हात घातला आणि बाहेर काढली ती एक गंजलेली, वाकलेली अंतर्वस्त्रातली तार. दारात जमलेल्या बायका तोंडावर पदर, म्हणजे ओढण्या, घेऊन हसायला लागल्या. बाई करड्या आवाजात काहीतरी म्हणाल्या आणि त्या जास्तच हसल्या. ती तार कुणाची, याचा तपास तिथे लागला असावा.

झाकण बसलं. प्लग लागला. पुतण्याने बटण दाबलं. ड्रम हळू फिरला, मग जोरात, मग इतक्या जोरात की पडद्यावर नुसती भिंगरी. भाऊजी कान लावून बसले होते. कुठेही खडखड नव्हती.

"आता चांगलं चालतंय," ते म्हणाले. फोन बंद करायचं मात्र त्यांच्या मनात येईना. तिकडे कुणीतरी बाईंना चहा आणून दिला, तसं भाऊजींनीही मला चहा सांगायला पाठवलं, आणि मशीनचं पाणी पूर्ण उपसून होईपर्यंत ती दोघं समोरासमोर बसून राहिली.